उत्तर तिचं, अक्षर माझं

रायटर व्हायचं तर परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेलं असावं लागतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलेलंच होतं: दृष्टिहीन विद्यार्थ्याने स्वतःचा रायटर, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा लेखनिक, आणला, तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली हवं. कारण समजण्यासारखं आहे. शेजारी विषयाचा जाणकार बसला तर पेपर नेमका कोणी सोडवला, हा प्रश्न उरतोच. माझं शिक्षण बारावीवर थांबलं होतं. लग्न होऊन पुण्यात आले, मुलं झाली, सासूबाईंचं दुखणं निघालं, आणि बारावीची मार्कलिस्ट कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहिली. ती पिशवी बाहेर निघाली आमच्या भिशीच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे. ‘टीवायबीएच्या अंध मुलीसाठी रायटर पाहिजे. शिक्षण बारावी. अक्षर सुवाच्य. ओळखीत कोणी असेल तर सांगा.’

असे मेसेज पुण्यात परीक्षांच्या हंगामात नेहमी फिरतात. मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापूरकडून दृष्टिहीन मुलं इथे शिकायला येतात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, आणि परीक्षा जवळ आली की अभ्यासाच्या जोडीला रायटर शोधण्याचं काम त्यांच्या मागे लागतं. बाकीची मुलं उजळणी करत असतात तेव्हा ही फोन लावत बसलेली असतात. एखाद्या पेपरच्या आदल्या रात्री ‘ताई, उद्या जमणार नाही’ असा निरोप येतो आणि वर्षभराचा अभ्यास टांगणीला लागतो. हे मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. अक्षर बरं आहे आणि सकाळ मोकळी असते, एवढ्या भांडवलावर मी ‘मी येईन’ असं कळवलं.

ती मुलगी लातूरकडची. तिचं नाव मी इथे घेणार नाही, पुढे येणाऱ्या कोणाचंच घेणार नाही. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या पायरीवर आम्ही भेटलो. माझी समजूत अशी, की मी तिला धीर द्यायला चालले आहे. प्रत्यक्षात तिने माझी मुलाखत घेतली. आधी पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला लावलं. मग स्वतः अर्धा तास उत्तर सांगत राहिली आणि मी लिहीत राहिले. लिहिलेला कागद तिने मैत्रिणीकडून तपासून घेतला: शब्द गाळलेत का, अक्षर शेवटी शेवटी बिघडलंय का. नंतर म्हणाली, “काकू, तुम्ही चांगलं लिहिता. पण ‘नक्की का?’ असं विचारायचं नाही हं. तुम्ही विचारलंत की मला कळतं, मी चुकले.”

आणखीही सूचना होत्या. प्रश्नपत्रिका आधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची, प्रत्येक प्रश्नाचे गुण सांगत. ‘खालीलपैकी कोणतेही तीन’ हे वाक्य कधीच गाळायचं नाही. बहुपर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय एकाच आवाजात, एकाच वेगाने वाचायचे. हे शेवटचं मला अवघड गेलं. माणूस बरोबर उत्तराशी नकळत रेंगाळतो, आवाज किंचित खाली येतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते कळणार नाही, पण जिने सगळं शिक्षण कानांनी घेतलंय तिला ते लख्ख कळतं. मी घरी स्वयंपाक करता करता सराव केला. मुलगा समोर बसून ऐकायचा आणि मी कुठल्या पर्यायापाशी थांबले ते ओळखायचा. त्याला ओळखता येईनासं झालं तेव्हा मला विश्वास आला.

हे सगळं मला जड का गेलं नाही, हे सांगायचं तर आबांविषयी लिहायला हवं. माझे वडील सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी पोस्टाचं काम करत. गावातले निम्मे पुरुष मुंबईत, कोणी गिरणीत, कोणी माथाडी कामगार. मागे राहिलेल्या बायका, म्हाताऱ्या, बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. टपाल वाटून झालं की आबा ओसरीवर बसत आणि बायका पत्रं लिहून घ्यायला येत. पोस्टकार्ड, आंतरदेशीय, कधी मनीऑर्डर पोचल्याचे चार शब्द. मी बाजूला बसून बघायची. एकदा एका बाईने मुलाला लिहायला सांगितलं, “पैसं धाडू नगं, पर एकदा तोंड दाखवून जा. न्हाय आलास तर मी मेले समज.” मी नंतर आबांना म्हटलं, शेवटचं वाक्य जरा सौम्य करायला हवं होतं, वाचून त्याला किती वाईट वाटेल. आबा म्हणाले, “वाईट वाटावं म्हणूनच सांगितलंय तिनं. पत्र तिचं हाय. माझी फक्त शाई.”

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, पण पाळली. ओसरीवर लिहिलेलं आणि वाचलेलं घरात कधी आलं नाही. कोणाच्या नवऱ्याने मुंबईत दुसरं घर केलं, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, हे सगळं आबांना आधी कळायचं आणि आईला सगळ्यांत शेवटी, तेही पाणवठ्यावरून. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, मनीऑर्डरी आटल्या. त्या वर्षी आबा पत्रं वाचून घरी आले की बराच वेळ कोणाशी बोलत नसत. आम्ही विचारत नव्हतो. विचारायचं नसतं, हे घरात ठरून गेलेलं होतं.

सेवाभाव वगैरे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नाहीत. पण दुसऱ्याचं बोलणं आपल्या हातात आलं की त्यात आपलं काही मिसळायचं नाही आणि त्यातलं काही बाहेर सांडायचं नाही, एवढं मी तिथे शिकले. चाळिशी उलटल्यावर परीक्षेच्या बाकावर बसले तेव्हा तेच कामाला आलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण नव्याने येणाऱ्यांना त्याचीच धास्ती असते. विद्यार्थिनीचा प्राचार्यांच्या नावे अर्ज, तिच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), माझं आधार कार्ड, माझी बारावीची मार्कलिस्ट, फोटो, आणि हमीपत्र. हमीपत्र मी नीट वाचलं. लेखनिकाच्या शिक्षणाविषयी दिलेली माहिती खोटी निघाली, तर परीक्षा रद्द व्हायची ती विद्यार्थिनीची. सही करताना हात जरा जपूनच चालला. मी काही गडबड केली तर शिक्षा तिला, मला नाही. या कामातली ही गोष्ट मी नवीन रायटरांना सगळ्यांत आधी सांगते.

पेपरच्या दिवशी कॉलेजच्या फाटकापाशी भेटलो. तिने माझा हात धरला नाही, कोपराला धरलं. मी अर्धं पाऊल पुढे, ती मागे. पायऱ्या आल्या की ‘चढायच्या’ किंवा ‘उतरायच्या’ एवढंच सांगायचं. हेही तिनेच शिकवलं. रस्त्यात लोक अंध माणसाचं मनगट धरून ओढतात, काठीच पकडतात, ते भलं करायलाच येतात; पण ज्याच्या हातातली काठी पकडली त्याची वाट बंद होते.

आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली मिळाली. वेगळी खोली लागतेच, कारण एकीकडे बोलणं चालू असतं आणि दुसरीकडे ब्रेलच्या पाटीचा टक टक आवाज. तिने पाटीत जाड कागद अडकवला, आणि मी प्रश्न वाचत गेले तसे ती टोचणीने मुद्दे टिपत गेली, उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की तेच ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. सहा ठिपक्यांच्या त्या चौकटीत सगळी मराठी बाराखडी बसते, हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. मग ती म्हणाली, “प्रश्न तिसरा आधी घेऊ. लिहा.” पुढचे चार तास मी हात होते.

चार तास म्हणजे तीन तासांचा पेपर आणि दर तासाला वीस मिनिटं वाढीव. त्या वाढीव वेळेविषयी पुढे सांगते.

इतिहासाचा एक पेपर मला आजही आठवतो. विद्यार्थी दुसरा, सोलापूरकडचा मुलगा, संगीतात तरबेज आणि इतिहासात मध्यम. एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणेवर मोठा प्रश्न होता. तो सांगत होता, मी लिहीत होते. प्रार्थना समाज १८६७, बरोबर. मग म्हणाला, “सत्यशोधक समाजाची स्थापना महात्मा फुले यांनी १८७५ मध्ये पुण्यात केली.” मी पुण्यात राहते, साताऱ्याची आहे, सत्यशोधक समाज १८७३ चा हे मला लहानपणापासून पाठ. १८७५ हे आर्य समाजाचं साल, त्याची गल्लत झाली होती. पण मी पेन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर त्याला ऐकू आलं असतं. कागदावर चालणाऱ्या पेनाचा आवाज ही मुलं सतत ऐकत असतात. तो अडखळला की काहीतरी खटकलंय हे त्यांना समजतं. ज्या वेगाने १८६७ लिहिलं त्याच वेगाने १८७५ लिहिलं.

पेपर जमा झाल्यावर जिन्यापाशी त्याने विचारलं, “काकू, आता सांगा, काय चुकलं?” मी साल सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग हसला. “म्हणजे तुम्ही थांबलाच नाहीत! मला अजिबात कळलं नाही.” त्यानंतर पदवी पूर्ण होईपर्यंत त्याने इतिहासाचे सगळे पेपर माझ्याकडूनच लिहून घेतले. कोणाला वाटेल, एक आकडा बदलला असता तर काय बिघडलं असतं? मला विचाराल तर सगळंच बिघडलं असतं. पुढे त्याला जे गुण मिळाले ते त्याचे आहेत हे तो छातीठोकपणे सांगू शकतो, कारण न मिळालेलेही त्याचेच होते. दृष्टिहीन मुलांच्या पदवीकडे लोक संशयाने बघतात. ‘रायटरने लिहिलं असेल’ असं नोकरीच्या ठिकाणी पाठीमागे बोललं जातं. प्रत्येक ‘मदत करणारा’ रायटर त्या संशयात भर घालतो, आणि त्याची किंमत स्वतः अभ्यास करून पास झालेल्या मुलांना मोजावी लागते.

मदत करण्याचा आग्रह मात्र सगळीकडून होतो. एका मुलाचे मामा फाटकाशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “ताई, जरा सांभाळून घ्या. तुम्हाला पुण्य लागेल.” एका केंद्रावर पर्यवेक्षक बाईच म्हणाल्या, “अहो, त्याला आठवत नाहीये तर तुम्हीच लिहा की दोन ओळी. बिचारा आंधळा आहे.” तो मुलगा दीड हातावर बसलेला. त्याच्या चेहऱ्यावरून मी नजर काढून घेतली आणि म्हटलं, “मॅडम, तो परीक्षार्थी आहे. आपण त्याला विचार करू देऊ.” त्या रागावल्या. आमचा पेपर पूर्ण होईपर्यंत त्या खोलीत पुन्हा फिरकल्या नाहीत.

एका विद्यार्थ्याने स्वतःच विचारलं होतं. अभ्यास झाला नव्हता, वडील आजारी होते, गावी जाऊन-येऊन सेमिस्टर संपलं. सगळं खरं होतं. “काकू, निदान पासिंगपुरतं.” मी नाही म्हणाले. त्याने दुसरा रायटर शोधला. त्याच्या अडचणीचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं, आणि माझा नकार बरोबर होता हेही आजही वाटतं. या दोन गोष्टी एकमेकींना पुसत नाहीत.

शुद्धलेखनाचा प्रश्न वेगळा आणि जास्त गुंत्याचा. उत्तर विद्यार्थ्याचं, पण ऱ्हस्व-दीर्घ कोणाचं? लातूरची मुलगी ब्रेलमधून शिकलेली. तिला प्रत्येक शब्दाचं रूप बोटांनी माहीत होतं. ‘स्थिती’त पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी वेगळी, हे ती झोपेतही सांगेल. मराठीच्या पेपरला ती अवघड शब्द फोडून सांगायची, मी तसाच लिहायची. पण आता बरीच मुलं रेकॉर्डिंग ऐकून आणि मोबाइलवरून शिकतात. त्यांची पुस्तकं कानातून गेलेली. त्यांना शब्द ठाऊक असतो, त्याचं रूप नसतं. परिच्छेद कुठे तोडायचा हेही कित्येकांना उमजत नाही, कारण ऐकताना परिच्छेद दिसत नाही. एका मुलीला मी पहिल्या भेटीत विचारलं, “नवीन परिच्छेद तू सांगशील ना?” ती म्हणाली, “म्हणजे काय करायचं असतं?” ती एमएची तयारी करत होती, हुशार होती, तिची भाषा माझ्यापेक्षा कितीतरी समृद्ध होती.

अशा वेळी मी काय करते? पेपरच्या आधीच बसून ठरवून घेते. कुठे तोडायचं ते ती सांगणार, तिला जमत नसेल तर सरावाच्या दिवसांत आम्ही दोघी शिकणार, आणि पेपरला मी माझ्या मनाने तोडणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ तिने सांगितलं तर तिचं. नाही सांगितलं तर मला जसं येतं तसं मी लिहिणार, त्यावर विचार करत बसणार नाही. हा तोडगा निर्दोष नाही. पण एक मात्र मी पोटतिडकीने सांगते: दृष्टिहीन मुलांना ब्रेल शिकवणं सोडू नका. ऐकायची साधनं कितीही सोयीची झाली तरी लिहिता-वाचता येणं ही वेगळी ताकद आहे. माझ्या आबांच्या ओसरीवरच्या बायका ऐकून सगळं समजत होत्या, आणि तरी त्यांना कोणाच्या तरी हातावर अवलंबून राहावं लागत होतं.

आता वाढीव वेळेचं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेतला वाढीव वेळ आणि लेखनिकाची सोय यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि दर तासाला किमान वीस मिनिटं हे मार्गदर्शक सूचनांत आहे. तरीही एका कॉलेजात तीन तासांची घंटा झाली आणि पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागायला आले. आम्ही शेवटच्या प्रश्नाच्या मध्यावर होतो. मी सांगितलं, अजून एक तास आहे. ते म्हणाले, “आम्हाला तसं कोणी कळवलेलं नाही. सगळ्यांना नियम सारखा.” विद्यार्थिनी उठायला लागली. तिला भांडण नको होतं. याच कॉलेजात तिला अजून वर्ष काढायचं होतं.

मी एरवी मोठ्या आवाजात बोलणारी बाई नाही. पण त्या दिवशी खुर्चीवरून उठले नाही. पर्समध्ये परिपत्रकाची झेरॉक्स होती, ती टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “प्राचार्यांना बोलवा. ते येईपर्यंत आम्ही लिहितो, आणि गेलेली मिनिटं मोजून देता आली तर बघा.” उत्तरात एक शब्द माझा घालायचा नाही हे जितक्या कडकपणे पाळते, तितक्याच कडकपणे तिच्या हक्काचं एक मिनिटही जाऊ द्यायचं नाही, असं मला वाटतं. दोन्हीकडे न्याय एकच आहे. प्राचार्य आले, वाचलं, वेळ मिळाला. त्यानंतर त्या कॉलेजात परीक्षेच्या आदल्या दिवशीच आमच्या खोलीच्या दारावर वेळ लिहून लावलेली असते. तेव्हापासून ती झेरॉक्स मी कायम जवळ ठेवते, आणि २०२१ च्या फेब्रुवारीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या विकास कुमार प्रकरणाच्या निकालाचीही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराचं ते प्रकरण. लेखनिकाची सोय चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. ज्यांना डोळे आहेत पण हात साथ देत नाहीत, त्यांच्याही उपयोगाचा तो निकाल आहे.

मराठीच्या एका पेपरला निबंध होता, ‘माझ्या आयुष्यातील एक वळण’. विद्यार्थिनी जराशी थांबली आणि सांगू लागली. तिची दृष्टी कशी गेली, त्या काळात घरात काय झालं, कोण काय बोललं. जवळच्या मैत्रिणींनाही तिने ते सांगितलेलं नव्हतं, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं. परीक्षा होती, म्हणून ते बाहेर आलं. परीक्षकाला तिचं नाव कळणार नव्हतं. पण मी तर समोरच होते. मी लिहीत राहिले. डोळे भरले तेव्हा शाई फुटू नये म्हणून मान मागे घेतली, नाकाने आवाज होऊ दिला नाही. बाहेर आल्यावर तिने काही विचारलं नाही, मी काही म्हटलं नाही. आम्ही चहा प्यायलो, पैसे तिने दिले. चहाचे पैसे मुलांनी दिले तर मी अडवत नाही. एवढी परतफेड करू देणं हाही मान राखण्याचाच भाग आहे. त्या निबंधात काय होतं ते मी घरी सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

या सगळ्यात एक प्रश्न माझ्या स्वतःच्या आयुष्यात येऊन उभा राहिला. इतके बीएचे पेपर लिहिता लिहिता मला अभ्यासाची गोडी लागली. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी साहित्य. पेपरच्या निमित्ताने कानावर पडलेलं मी घरी येऊन पुस्तकांत शोधायची. मुलगी मागे लागली, “आई, मुक्त विद्यापीठात नाव घाल.” नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून माझ्यासारख्यांसाठीच तर चालू आहे. पण पदवी घेतली की मी बीएच्या मुलांची रायटर होऊ शकणार नव्हते. माझी पात्रताच माझ्या अपुऱ्या शिक्षणात होती. बारावीवाली, वेळेवर येणारी, चार तास बसू शकणारी माणसं आधीच थोडी. कॉलेजची मुलं येतात, पण त्यांच्याच परीक्षा त्याच दिवसांत असतात. मी बाजूला झाले तर कोणाचा तरी पेपर अडेल, असं वाटायचं. मी वर्ष पुढे ढकललं, मग आणखी एक.

लातूरच्या मुलीला हे कोणाकडून तरी समजलं. ती तोवर एमए करून स्पर्धा परीक्षांच्या मागे होती. तिने फोन केला आणि चांगलीच सुनावली. “काकू, आम्ही शिकावं म्हणून तुम्ही न शिकलेल्या राहणार? मग आमच्या शिकण्याला काय अर्थ? तुम्ही माझ्या उत्तरात एक शब्द घालत नाही. मग माझ्यासाठी तुमचं आयुष्य कशाला कमी करता?” मला त्यावर उत्तर सुचलं नाही, कारण ते तर्काने पक्कं होतं आणि मायेनेही. मी त्याच वर्षी नाव घातलं. जवळच्या अभ्यासकेंद्रावर, माझ्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून परीक्षा दिल्या. स्वतःचा पेपर लिहिताना पहिल्या काही मिनिटांत मला कोणीतरी ‘लिहा’ म्हणण्याची वाट पाहत असल्यासारखं झालं होतं.

आता मी पदवीधर आहे, त्यामुळे एमएचे पेपर लिहिते. माझ्या जागी बीएसाठी भिशीतल्या दोघी तयार झाल्या, मग त्यांच्या ओळखीच्या आणखी काही जणी. गृहिणी, रिक्षाचालकाची बायको, एका सोसायटीतल्या पाळणाघरातली ताई. पुण्यात बारावीवर थांबलेल्या बायका किती आहेत, आणि त्यांच्या हातात केवढी शांतता आणि चिकाटी आहे, हे मला या कामाने दाखवलं. परीक्षेआधी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो. दृष्टिहीन विद्यार्थीच नव्या रायटरांची चाचणी घेतात. वर सांगितलेला तो संगीतवाला मुलगा आता शाळेत शिकवतो, तोही रविवारी येतो आणि पर्याय वाचून घेतो. ‘ड’ वाचताना आवाज खाली आला की टेबलावर टिचकी मारतो.

आमचं काम एक दिवस लागूच नये, असं मला मनापासून वाटतं. मार्गदर्शक सूचनांत संगणकावर पेपर द्यायची मुभा आहे, आणि एनव्हीडीएसारखं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लातूरची मुलगी त्यावर माझ्यापेक्षा वेगाने टाइप करते. तिने एकदा परीक्षेला संगणक मागितला. केंद्राकडे हेडफोन नव्हता, आणि संगणक आदल्या दिवशी तपासू द्यायला हवा हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. शेवटी मलाच बोलावणं आलं. मी गेले, लिहिलं, पण दोघींनाही ते खटकलं. पुढच्या वेळी अर्जासोबत संगणकाची मागणी आणि सूचनांची प्रत असं दोन्ही आम्ही परीक्षेच्या खूप आधी दिलं. केंद्राकडून उत्तर यायचं आहे.

तोपर्यंत या सत्राची यादी लावणं चालू आहे. मराठी आणि इतिहासाला माणसं मिळाली. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राला मिळत नाहीत, कारण त्यातल्या संज्ञा ऐकूनच नव्या बायका घाबरतात. त्यांना मी सांगते, संज्ञा समजायची गरज नाही, ऐकू आली तशी लिहायची आहे. विद्यार्थी आठवडाभर आधी तुम्हाला सगळ्या संज्ञा वाचून दाखवेल, वहीत दहादा लिहा. ज्यांचं शिक्षण बारावीवर थांबलंय आणि ज्यांना सकाळचे चार तास काढता येतील, अशा कोणी पुण्यात असतील तर जवळच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात किंवा अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जाऊन नाव द्यावं. मार्कलिस्ट, आधार कार्ड आणि दोन फोटो बरोबर न्यावेत.